दोन गडांमधली धार

जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले आणि १२ आपल्याकडे ठेवले. त्या बारांत राजगड होता, तोरणाही होता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या यादीतही बाराच किल्ले आले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतली जिंजी. त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. त्याच्या वर्षभर आधी, २०२४ मध्ये, वेल्हे तालुक्याचं नाव बदलून राजगड करण्याचा निर्णय झाला. वेल्हे हे खरं तर तोरण्याच्या पायथ्याचं गाव. तोरणा आधी हाती आला, त्याच्यावर सापडलेल्या धनातून पलीकडच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, असं परंपरा सांगते. थोरल्याने कमवायचं आणि धाकट्याने नाव काढायचं, ही गोष्ट आपल्याकडच्या घरांना नवी नाही.

हा लेख मात्र दोघांपैकी कुणाचाच नाही. दोघांच्या मधे डोंगराची एक लांब धार आहे. तोरण्याच्या बुधला माचीखालून ती सुटते, उंचसखल होत, वळसे घेत राजगडाच्या संजीवनी माचीला जाऊन भिडते. सरळ रेषेत दोन्ही गडांत सातेक किलोमीटर अंतर आहे. चालायला लागलं की दहा-बारा किलोमीटर सहज होतात. पुरंदरच्या यादीत ती नव्हती आणि युनेस्कोच्या यादीतही तिचं नाव आलं नाही. कागदावर ती म्हणजे दोन नावांमधली नुसती आडवी रेघ: राजगड-तोरणा.

या धारेच्या एका अंगाला कानद खोरं, दुसऱ्या अंगाला वेळवंडीचं. कानदीचं पाणी गुंजवणीला मिळतं, गुंजवणीचं नीरेला. वेळवंडीचं पाणी इंग्रजांच्या काळात बांधलेल्या भाटघर धरणात साठतं आणि तिथून तेही नीरेलाच जातं. धारेवर उभं राहून डावीकडे ओतलेला पेला आणि उजवीकडे ओतलेला पेला शेवटी नरसिंगपूरला भीमेतच भेटणार. माणसांचं तसं नव्हतं. कानद खोरं मरळ देशमुखांचं, शेजारचं गुंजण मावळ शिळिमकरांचं. मधल्या डोंगरांनी वतनं वेगळी ठेवली, हद्दी राखल्या. आजही या धारेच्या एका बाजूचा माणूस वेल्ह्याच्या कचेरीत जातो, दुसऱ्या बाजूचा भोरच्या.

जानेवारीत या धारेवर चालणं अवघड नाही. दमवणारं आहे, पण वाट पांढरी, ठसठशीत असते. शनिवार-रविवारी पुढच्या गटाचा आवाज ऐकत गेलं तरी माणूस राजगडाला पोचतो. डिसेंबरात सिंहगड, राजगड, तोरणा अशी दीर्घ पल्ल्याची धावण्याची शर्यत होते. तिचे धावपटू हीच धार काही तासांत मागे टाकतात. त्यामुळे 'राजगड-तोरणा म्हणजे काय, सगळेच करतात' अशी एक समजूत पुण्यात पक्की आहे. ती समजूत तपासायची असेल तर भाद्रपदात जावं. उत्तरा नक्षत्र संपत आलेलं, हस्ताचा पाऊस कधी पडेल याचा नेम नाही, सकाळी ऊन, दुपारी ढगांचा गडगडाट. त्या दिवसांत ही धार सापडत नाही, शोधावी लागते.

वेल्ह्याहून तोरण्यापर्यंत काहीच कळत नाही. वाट मळलेली, अवघड जागी रेलिंग, बिनी दरवाजा, कोठी दरवाजा, मग मेंगाई देवीचं देऊळ. तटाच्या कडेने सोनकी फुललेली असते. सपाटीवर तेरड्याचा गुलाबी थर आणि ओलसर कातळावर सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके. लोक इथवर येतात, फोटो काढतात, झुंजार माचीकडे मान वळवून बघतात आणि परततात. कोकण दरवाज्यातून बुधला माचीकडे निघालं की माणसं एकदम संपतात. माची उतरून तटाच्या खाली आलं की आधी घसारा लागतो. पावसाने धुतलेला मुरूम, त्यावर शेवाळलेले दगड, आणि त्याच्याही खाली गवत. हे गवत कमरेइतकं नाही, छातीइतकं. मधेमधे तर पुढच्याची फक्त टोपी दिसते.

सह्याद्रीबद्दल लिहिणारे फुलांबद्दल जितकं लिहितात तितकं गवताबद्दल लिहीत नाहीत. खरं तर वर्षातले चार महिने या डोंगरावर राज्य त्याचंच असतं. धारेवर मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ, वारा सतत. तिथे झाड टिकत नाही, गवत टिकतं. भाद्रपदात ते हिरवं आणि मऊ असतं, कापतं ते फक्त पात्याच्या कडेने. आश्विनाच्या शेवटी त्याला कुसळं धरतात. कुसळाचं तंत्र मोठं चलाख. बीच्या मागे लांब शेपटी असते. ती कोरडी झाली की पिळवटते, दंवाने ओली झाली की उलगडते. या पिळण्या-उलगडण्यात बी जमिनीत आपसूक भोक पाडून आत शिरतं. पायमोज्यातही ते अगदी तसंच शिरतं. म्हणून दसऱ्यानंतर गेलेले लोक घरी येऊन पहिल्यांदा पायमोजे टाकून देतात. त्या आधी गेलं तर कुसळांपासून सुटका, पण मग वाट दिसत नाही. दोन्ही सोयी एका महिन्यात मिळत नाहीत.

वाट दिसत नाही म्हणजे काय, हे जरा सांगायला हवं. वाट गवताखाली असतेच. पायाला ती लागते, जमीन कठीण लागली की आपण वाटेवर, भुसभुशीत लागली की बाहेर. पण धारेवर एक वाट नसते. गुरांच्या वाटा असतात, म्हणजे ढोरवाटा. त्या धारेच्या दोन्ही अंगांनी, एकाखाली एक, समांतर गेलेल्या असतात. गवत दाबलेलं, शेण पडलेलं, सगळं कसं रुळलेलं. नवख्याला त्याच खऱ्या वाटतात. अर्धा तास त्यांच्यावरून सुखाने चालावं आणि पुढे कड्याच्या टोकाशी किंवा ओढ्याच्या डबक्याशी वाट विरून जावी, हा या धारेचा नेहमीचा खेळ.

मोबाइलमधल्या नकाशाचाही इथे मर्यादितच उपयोग. वाटेच्या नोंदी बहुतेक हिवाळ्यात केलेल्या. पडद्यावरचा ठिपका सांगतो की तुम्ही वाटेवर आहात आणि तुम्ही तर कारवीत कमरेपर्यंत रुतलेले. उपग्रहाच्या हिशेबात चार-पाच मीटर इकडेतिकडे म्हणजे अचूकच. धार जिथे दोन मीटर रुंद आहे तिथे ते चार मीटर दरीत असतात. जुने डोंगरभटके आनंद पाळंद्यांचं 'डोंगरयात्रा' वाचून निघत. त्या पुस्तकाने एका पिढीला सह्याद्रीतल्या वाटा दाखवल्या. पण पुस्तक वाचून निघालेले लोकही पायथ्याच्या गावात कुणाला तरी विचारायचेच. विचारण्याची ती सवय फोनने मोडली, असं माझं मत आहे, आणि याबाबतीत मी फोनला माफ करायला तयार नाही.

धारेवरच्या एका सपाटीला दोन-चार घरं आहेत. आम्ही पोचलो तेव्हा एक वयस्कर गृहस्थ बांधावर बसून गुरांकडे बघत होते. डोक्याला टॉवेल, हातात काठी, काठीला वर आकडा.

"मामा, राजगडची वाट हीच का?"

"हीच म्हंजी कुठली, पावणं? तुमी आलासा ती ढोरांची हाय. ती पान्यावर जाती."

"मग गडाची?"

"धार सोडू नगा. गवात दाबल्यालं दिसंल तिकडं न्हाई जायचं. दगूड झिजल्याला दिसंल तिकडं जायचं."

इतक्या वर्षांत वाट शोधण्याबद्दल मी जे वाचलं-ऐकलं त्यात याहून नेमकं वाक्य मला आठवत नाही. गुरं गवत दाबतात, पण दरवर्षी थोडी वेगळी फिरतात. दगड झिजायला मात्र एकाच जागी शेकडो वर्षं पाय पडावे लागतात. त्यानंतर आम्ही गवत बघायचं सोडून पायाखालचे कातळ बघत गेलो. धार जिथे अरुंद होते, जिथे उघडा खडक आहे, तिथे खरोखरच मधोमध गुळगुळीत झालेला पट्टा दिसतो. गवतातल्या अंतरानंतर तो पुन्हा पुढच्या खडकावर सापडतो.

मामांशी बोलताना बाकीही कळलं. पूर्वी धारेवर गुरं जास्त होती, आता मुलं पुण्याला कामाला. दावणीला उरली थोडी जनावरं, आणि तीही दूरवर न्यायला माणूस नाही. दसऱ्यानंतर गवत कापून पेंढ्या बांधायचे, तेही आता घरापुरतं. जिथपर्यंत गुरं जातात तिथपर्यंत रान मोकळं राहतं. त्याच्या पुढे कारवी चढत येते. वाट चुकवणारी गुरं हीच वाट उघडी ठेवणारीही आहेत, हे धारेवर चालताना लक्षात येतं. घरांच्या आसपासचा टप्पा ढोरवाटांच्या गुंत्याचा, पण चालण्याजोगा. घरांपासून लांबचा टप्पा गुंता नसलेला, कारण तिथे वाटच उरलेली नसते.

आता जे सांगतो ते वाचून ट्रेकर मंडळींना बरं वाटेल. गडाची वाट झाडीत हरवणं हा मराठी राज्यात हलगर्जीपणा नव्हता, धोरण होतं. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या आरंभीचं. त्यात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. किल्ल्याला जायची वाट सोपी नसावी, असलीच तर ती मोडावी, तिच्यावर झाडी वाढू द्यावी आणि दुसरीकडून अवघड वाट काढावी, असा त्यातला सल्ला. गडाच्या घेऱ्यातलं रान राखावं, हेही सांगितलं आहे. म्हणजे कारवीचं रान हा तटाच्या बाहेरचा आणखी एक तट होता. फरक एवढाच की त्या रानाच्या आतली वाट कुणाला तरी माहीत असायची. घेऱ्यातली माणसं, मेटांवर पहारा करणारे, गडाच्या चाकरीवर असलेले रामोशी, महार, कोळी यांच्या पायांत ती वाट होती. १८१८ नंतर इंग्रजांनी गडांवरची शिबंदी मोडली, गडाची चाकरी संपली. रान राहिलं, त्यातून नेणारा माणूस राहिला नाही.

हा विचार धारेवर चालताना मनात आला तेव्हा आणखी एक गोष्ट जुळली. १७०४ साली औरंगजेब स्वतः या मुलखात होता, वयाची पंच्याऐंशी उलटलेली. राजगड त्याला फेब्रुवारीत मिळाला आणि तोरणा मार्चमध्ये, रात्री तटावर चढून. तोरण्याला त्याने 'फुतूहुल्गैब' असं नाव दिलं. इतिहासाची पुस्तकं या मोहिमेतली माणसं, तोफा आणि वाटाघाटी सांगतात. माझं लक्ष महिन्यांकडे जातं. माघ-फाल्गुनात इथलं गवत वाळून आडवं झालेलं असतं, कुठे वणव्याने जळलेलं असतं, डोंगर उघडा पडलेला असतो. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण भाद्रपदात या धारेवर उभं राहून फौजेचा विचार केला तर बादशहाने कुठला हंगाम निवडला असता, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

मधे एक खिंड लागते. तिच्यातून वेल्हे आणि भुतोंडे या दोन बाजूंना जोडणारा गाडीरस्ता गेला आहे. गवतातून ओल्या अंगाने बाहेर पडून एकदम रस्त्यावर उभं राहणं विचित्र वाटतं. दोन दुचाकी गेल्या, त्यातल्या एकीवर दुधाचे कॅन. डोंगर ओलांडायला पूर्वी ज्यांना ही धार चढून उतरावी लागे, त्यांना आता लागत नाही. चांगलंच आहे. रात्री आजारी माणसाला डोलीतून उतरवण्यात काही काव्य नसतं, ते शहरात बसून लिहिणाऱ्यांना वाटतं. पण रस्ता झाल्याचा एक परिणाम असा की आडव्या वाटा संपल्या आणि धारेवरची उभी वाट फक्त हौशी लोकांची झाली. हौशी लोक हिवाळ्यात येतात.

खिंडीच्या पुढे राजगडाच्या बाजूला झाडी दाट होते आणि कारवीचं खरं रान सुरू होतं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा एकगठ्ठा फुलते आणि मरते, हे सगळ्यांना माहीत असतं. फुलली की तिच्या मधाचं कौतुक होतं, वर्तमानपत्रांत जांभळे फोटो येतात. मधल्या वर्षांत ती काय करते हे कुणी विचारत नाही. ती वाढते. काठ्या सरळ, बोटाएवढ्या, एकमेकींना खेटून, पानं खरखरीत, उंची माणसाहून जास्त. याच काठ्यांचे कूड करून, शेणामातीने लिंपून, मावळातल्या घरांच्या भिंती उभ्या राहत. आता घरं सिमेंटची झाली, कारवी तोडायला कुणी येत नाही. आत शिरलं की ऊन कमी होतं, वारा थांबतो आणि पाठीवरची पिशवी प्रत्येक पावलाला अडकते. वाट आहे ती काठ्यांमधल्या जरा मोठ्या फटीएवढी.

या फटीतून अजून कुणी गेलं आहे का, हे सांगणारी खूण कोळ्यांची. पावसाळ्याच्या शेवटी मोठे रानकोळी वाटेवर आडवी जाळी ताणतात. मादी हाताच्या पंजाएवढी, धागा पिवळसर सोनेरी आणि इतका चिवट की तोंडावर आला तर तुटताना आवाज येतो. जाळं अख्खं असेल तर त्या सकाळी तुमच्याआधी कुणी गेलेलं नाही. संपूर्ण कारवीत आम्हाला एकही तुटलेलं जाळं दिसलं नाही. पुढे चालणाऱ्याने काठी उभी धरून चालायचं आणि शक्य तिथे जाळ्याखालून वाकून जायचं, एवढं केलं की दोघांचंही निभावतं. सापांचं तंत्र वेगळं. कारवीच्या काठीवर हिरवा चापडा बसलेला असतो आणि तो हलत नाही, म्हणून हात टेकण्याआधी बघायचं. उघड्या दगडाळ जागी फुरसं असू शकतं. ते अंगाचे खवले घासून करकर आवाज करतं, तो ऐकून थांबायचं. कड्यांना आग्या मोहोळं असतात, तिथे धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा नको. बाकी भिण्यासारखं काही नाही.

शेवटचा चढ मोठा. वर संजीवनी माचीची तटबंदी दिसायला लागते आणि बराच वेळ नुसती दिसतच राहते. अडीच किलोमीटर लांबीची ही माची, एकात एक दोन तट, चिलखती बुरूज. तोरण्याकडून येणाऱ्यालाच ती पूर्ण कळते. गुंजवण्याहून चढणारा माणूस पद्मावती माचीवर येतो, बालेकिल्ला बघतो, सुवेळा माचीवरच्या नेढ्यात बसतो, आणि संजीवनीकडे शेवटी पाय दुखायला लागल्यावर जातो. त्याला तो एक लांब तट वाटतो. धारेवरून आलं की समजतं, हा तट इकडे तोंड करून का बांधला. सगळी माची धारेला तोंड देऊन उभी आहे. डोंगराने गडात शिरायला इकडून जी वाट दिली होती तिच्यावर इतका दगड रचला आहे. धार काढून टाकली तर संजीवनी माची कशासाठी, हे सांगता येत नाही. म्हणून मला वारशाच्या यादीत गड येतो आणि धार येत नाही, हे अर्धवट वाटतं. यादीचं नाव तर 'भूप्रदेश' आहे.

अळू दरवाज्यातून आत शिरलो तेव्हा माचीवर शहरातली मंडळी फोटो काढत होती. आमच्या कपड्यांकडे बघून एकाने विचारलं, "पडलात का कुठे?" तोरण्याहून आलो म्हटल्यावर त्याने तोरणा कुठे, असं विचारलं. त्याच्या पाठीमागेच होता, पूर्ण दिसत होता.

या धारेचं काय करावं, यावर गप्पा मारणाऱ्यांत दोन तट असतात. एक म्हणतो, बाण रंगवा, फलक लावा, अवघड जागी शिड्या बसवा. दुसरा म्हणतो, हात लावू नका, डोंगर जसा आहे तसा राहू दे. पहिल्यांचं मला पटत नाही; खडकावर फासलेला पिवळा बाण पुढच्या शंभर वर्षांना पुरतो आणि ज्या पोराला वाट माहीत आहे त्याचं काम काढून घेतो. दुसऱ्यांचंही पटत नाही, कारण डोंगर 'जसा आहे तसा' कधीच नव्हता. गुरं, विळे, पहारेकरी यांनीच तो तसा ठेवला होता. माझं म्हणणं साधं आहे. पावसाळा सरताना, घटस्थापनेच्या आधी, एकदा या धारेवरची फूटभर रुंदीची पट्टी विळ्याने कापून घ्यावी आणि ते काम धारेवरच्या व पायथ्याच्या घरांना रोजंदारीने द्यावं. सिमेंट लागत नाही, निविदा लागत नाही. राजगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, वारशाच्या नावाने आता पैसा येईल, तो दरवाजे आणि टाक्यांवर खर्च व्हायलाच हवा. त्यातला फार थोडा हिस्सा विळ्याला पुरेल.

तोवर जायचं असेल त्यांच्यासाठी. भाद्रपद-आश्विनात पहाटे वेल्ह्यातून निघा. कोरड्या दिवसांत धारेला पाच-सहा तास लागतात, गवतात आठ धरा. तोरण्यावरच पाणी भरून घ्या, कारण मधे भरवशाचं पाणी नाही. दुपारी गडगडायला लागलं तर धारेच्या माथ्यावर थांबू नका. खिंड जवळ असेल तर तिथून उतरा आणि राजगड पुढच्या वेळेसाठी ठेवा. वेल्ह्यात किंवा धारेवरच्या घरांत विचारून एक जाणता माणूस बरोबर घ्या. त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवा, संध्याकाळी त्याच्या हातात द्या, आणि परतीच्या गाडीचं भाडं वेगळं द्या. राजगडावरून त्याला अंधारात घरी परतायचं असतं.